इष्टवियोग आणि साधर्मी वात्सल्य

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचे शब्दांकन)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून मंगल विषय मांडावा अशी रीत आहे. मृत्यू आणि शोक हा विषय त्या रीतीत बसणारा नाही. परंतु पन्नास वर्षांच्या काळात संस्थेच्या प्रत्येक सभासदाच्या घरातून केव्हा ना केव्हा तिरडी निघालेली असते. जीर्णोद्धार, वेदीप्रतिष्ठा, पाठशाळा, भोजनशाळा यांचा जमाखर्च अहवालात छापला जातो. ज्या घरातील माणूस गेले, त्या घराला समाजाने किती दिवस सांभाळले, याचा हिशेब मात्र कोठेही लिहिला जात नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात तो एकदा मांडून पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

पहिल्या काही दिवसांत समाज कमी पडत नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. जिंतूर असो, सेलू असो, मानवत, पूर्णा किंवा परभणी असो, वार्ता पोहोचताच तासाभरात ओटा माणसांनी भरतो. दुकाने अर्धी मिटतात. कोणी लाकडांची व्यवस्था पाहतो, कोणी परगावच्या नातलगांना कळवतो, शेजारच्या घरून पिठले-भाताचे पातेले येते. ओसवाल मंडळींत उठावणा होतो. सैतवाळ, खंडेलवाल, बघेरवाल घरांत ज्याच्या-त्याच्या रीतीप्रमाणे दहा, बारा किंवा तेरा दिवसांचे सुतक पाळले जाते. या सर्व काळात घरातील शोकग्रस्त माणसाला एकटे बसण्यास क्षणभरही सवड मिळत नाही, आणि त्या वेळी ते बरेच असते.

पुढे सुतक फिटते. सतरंज्या उचलल्या जातात, लेकी सासरी परततात, मुंबई-पुण्याचे भाऊ रजा संपली म्हणून गाडी धरतात. त्यानंतर त्या घराच्या पायऱ्या चढणारे माणूस विरळा. नेमके याच सुमारास मनाची बधिरता उतरते आणि गेलेले माणूस आता खरोखरच येणार नाही, ही गोष्ट कळू लागते. समाजाची धाव जेथे संपते तेथे शोकाची खरी वाट सुरू होते. व्यवस्थेतील ही फट फार जुनी आहे, आणि ती बुजवणे कोणा एका घराच्या आवाक्यातील काम नाही.

या दुःखाला आपल्या शास्त्रात स्वतंत्र नाव आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत; त्यांतील एक म्हणजे इष्टवियोग. प्रिय वस्तू किंवा व्यक्ती दुरावल्यावर ती परत मिळावी म्हणून मन पुन्हा पुन्हा तिच्याकडेच धावते, ती ही अवस्था. आर्तध्यान त्याज्य आहे, एवढेच बहुतेकांना पाठ असते. परंतु त्याच अध्यायात ते कोणाला होते हेही सांगितले आहे. अविरत सम्यग्दृष्टीला होते, देशव्रती श्रावकाला होते आणि सहाव्या गुणस्थानातील प्रमत्तसंयत मुनींनाही होते. मुनींच्या बाबतीत केवळ निदान हा एक प्रकार वगळला आहे. म्हणजे ज्यांनी घरदार सोडून महाव्रते घेतली, त्यांच्याही मनाला इष्टवियोगाची कळ लागू शकते, हे सूत्रकारांनी गृहीत धरले आहे. असे असता ज्या स्त्रीचा पती परवा गेला तिने आज समताभाव धारण करावा, ही अपेक्षा ओट्यावर बसलेल्या श्रावकांनी कोणत्या आधारावर करावी?

श्वेतांबर परंपरेतील कथेत भगवान महावीरांच्या निर्वाणाची वार्ता ऐकून गौतम गणधर शोकाकुल झाले. चार ज्ञानांचे धनी, संघातील अग्रणी शिष्य, आणि त्यांनाही शोक आवरला नाही. केवलज्ञान त्यानंतर झाले. दिवाळीला आपण निर्वाण आणि गौतमांचे केवलज्ञान यांचे स्मरण करतो. मधल्या त्या व्याकुळ प्रहराचे स्मरण सहसा कोणी करीत नाही.

परभणी जिल्ह्याला या विषयाचा याहून जवळचा दाखला आहे. जिंतूरजवळील नेमगिरी आणि पूर्णाकाठच्या उखळदहून नवागडला आणलेली मूर्ती, ही आपल्या जिल्ह्यातील दोन्ही क्षेत्रे भगवान नेमिनाथांच्या नावाने ओळखली जातात. नेमिनाथ म्हणजे श्रीकृष्ण आणि बलभद्र यांचे चुलत बंधू. आचार्य जिनसेनांनी शके ७०५ मध्ये पूर्ण केलेल्या हरिवंशपुराणात या कुळाची कथा आहे, आणि तिच्या अखेरच्या भागात शोकाचे जे चित्र येते ते पुन्हा पुन्हा वाचण्यासारखे आहे. द्वारका जळाल्यावर दोघे भाऊ रानात फिरत होते. कृष्णाला तहान लागली, बलभद्र पाणी आणावयास गेले, आणि तेवढ्यात जरत्कुमाराच्या बाणाने अजाणता कृष्णाचा प्राण घेतला. परतलेल्या बलभद्रांना भाऊ निजला आहे असेच वाटले. तो मेला आहे हे मान्य न करता ते त्याचे कलेवर खांद्यावर घेऊन सहा महिने हिंडले.

या कथेचा उपयोग प्रवचनांत बहुधा मोहाचे उदाहरण म्हणून केला जातो. तो योग्यच आहे. परंतु त्या सहा महिन्यांत इतरांनी काय केले, तिकडे आपले लक्ष जात नाही. वार्ता कळताच पांडव त्यांच्याकडे आले. अंत्यसंस्कार करावा अशी विनवणी केली, ती बलभद्रांना रुचली नाही; उलट ते रागावले. तेव्हा पांडव निघून गेले नाहीत. वाद घालीत बसले नाहीत. बलभद्रांच्या कलाने वागत त्यांच्याजवळ राहिले. पुढे योग्य वेळी सिद्धार्थ नावाचा देव आला. तो पूर्वी बलभद्रांचा स्नेही व सारथी होता. म्हणजे आलेला उपदेशक परका नव्हता. त्यानेही उपदेश केला नाही. वाळलेल्या झाडाला पाणी घालणे, खडकावर कमळ लावणे, असली कामे तो बलभद्रांच्या डोळ्यांसमोर करीत राहिला. हे कसे शक्य आहे, असा प्रश्न बलभद्रांनी आपणहून विचारला, आणि त्या प्रश्नातच त्यांना स्वतःचे उत्तर सापडले. मग तुंगीगिरीवर दहन झाले, आणि तेथेच त्यांनी दीक्षा घेतली. नाशिक जिल्ह्यातील मांगीतुंगीला जाणारे यात्रेकरू आजही ते स्थान पाहून येतात.

सोबत आधी, बोध नंतर, आणि बोधही विचारल्यावर. पुराणकारांनी घातलेला हा क्रम आपण नेमका उलटा करतो. स्मशानातून परतल्याबरोबर अनित्यभावनेचा पाठ सुरू होतो.

बारा अनुप्रेक्षा हे अमोल धन आहे, यात संशय नाही. पण अनुप्रेक्षा म्हणजे स्वतःच्या मनाशी केलेले पुनःपुन्हा चिंतन. दुसऱ्याच्या ओटीत ती आयती घालता येत नाही. ज्याचे त्याने, ज्याच्या त्याच्या वेळी करावयाचे ते काम आहे. अशरणभावना ज्याने खरोखर भाविली आहे तो शोकग्रस्ताच्या घरी जाऊन बहुधा गप्पच बसेल.

याहून कठोर प्रकार म्हणजे पूर्वकर्माचा उल्लेख. तान्हे मूल गेलेल्या आईला, किंवा तरुण मुलाच्या अपघाताची वार्ता पचवू न शकलेल्या पित्याला, 'पूर्वीचे काहीतरी असेल' हे वाक्य आपल्याच माणसांकडून ऐकावे लागते. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. परंतु दुसऱ्याच्या कोणत्या कर्माचा उदय चालू आहे हे जाणण्यास जे ज्ञान लागते, ते या पंचमकाळात कोणाही श्रावकापाशी नाही. कर्मसिद्धान्त आत्मपरीक्षणासाठी दिलेला आहे. शेजाऱ्यावर निवाडा देण्यासाठी नव्हे. आणि निवाड्याची गरज मुळीच नसते, कारण शोकग्रस्त माणूस तो स्वतःवर आधीच देऊन बसलेला असतो. एक दिवस आधी नांदेडला हलवले असते तर, त्या रात्री मोटारसायकलवर जाऊ दिले नसते तर. पाणी आणावयास आपण गेलो नसतो तर भाऊ वाचला असता, हा विचार बलभद्रांनाही छळला असेल. अशा माणसाला तर्काने निर्दोष सिद्ध करून उपयोग होत नाही. तेच ते वाक्य त्याने दहाव्यांदा उच्चारले तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखे ऐकून घेणारे कोणीतरी त्याला हवे असते.

आधुनिक मानसशास्त्राचे म्हणणे यापासून फार दूर नाही. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडलेल्या पाच पायऱ्यांचा उल्लेख वृत्तपत्रांतून वारंवार येतो. परंतु त्या मुळात मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संभाषणांतून आल्या होत्या, मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. शोक असा पायरी-पायरीने उतरत नाही. तो कमी होतो आणि एखाद्या सणाला, एखाद्या जुन्या सदऱ्याच्या वासाने पुन्हा पहिल्याइतका उसळतो. तेही स्वाभाविकच आहे. मात्र काही थोड्या माणसांत तो तसाच गोठून राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या, जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात या दीर्घकालीन शोकविकाराची नोंद आहे, आणि त्यासाठी किमान कालावधी धरला आहे तो सहा महिन्यांचा. बलभद्रांचे सहा महिने आणि हे सहा महिने हा योगायोग आहे. त्यावरून आपल्या पुराणांत सर्व विज्ञान आधीच होते असे म्हणण्याचा मोह टाळावा. एवढे मात्र दोन्हीकडे दिसते की सहा महिन्यांच्या आत कोणाच्या शोकाला रोग म्हणू नये, आणि त्यानंतरही माणूस जेवणखाण, झोप, कामधंदा यांना पारखे राहिले तर वैद्यकीय साहाय्य घ्यावे. जगण्यात अर्थ नाही असे त्याच्या बोलण्यात येऊ लागले तर सहा महिने काय, सहा दिवसही थांबू नये.

दीर्घकाळ सोबत देणे म्हणजे काय, याचा मोठा धडा मराठवाड्याने पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. दिगंबर घरांत दशलक्षण पर्वाची सांगता झाली होती, गावोगाव गणपती विसर्जन करून माणसे उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सरकारी आकड्यांनुसार सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. मदतीचे ट्रक देशभरातून आले. कपड्यांचे ढीग लागले. आणि सर्वत्र होते तसेच, काही आठवड्यांनी ट्रक थांबले.

त्या वेळी भारतीय जैन संघटनेचे शांतीलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले पुण्यास आणली. वाघोली येथे त्यांच्या निवासाची आणि शिक्षणाची व्यवस्था उभी राहिली. ही मुले बहुतांशी जैन नव्हती. भूतदयेचा हा भाग सर्वश्रुत आहे. अधिक महत्त्वाचे ते हे की ही जबाबदारी वर्षानुवर्षांची होती. मूल पाचवीत असेल तर दहावीपर्यंत आणि त्यापुढेही त्याचे पाहावयाचे, हे पहिल्याच दिवशी पत्करावे लागले. लहान मुलांना गावापासून दूर नेण्यात जोखीम असते. आजी-आजोबा, बोली, शिवार हेही आधारच असतात, आणि ते तुटतात. या पद्धतीवर दोन मते असू शकतात. परंतु ज्याचे घर पडले त्याच्या शेजारी ज्याचे घर पडले तोच झोपलेला असणे, ही गोष्ट लहान मुलाला फार मोठा आधार देते. आपले काय झाले हे तेथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पुढे २०१५ च्या सुमारास मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलांसाठीही त्याच वाघोलीचे दार उघडले गेले.

आधी होऊन गेलेला दुसरा दाखला मुंबईचा आहे. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१–१९१४) यांची कन्या मगनबेन ऐन तारुण्यात विधवा झाली. त्या काळी विधवेला घराच्या अंधाऱ्या खोलीत बसवून ठेवणे हेच कुलीनतेचे लक्षण मानले जाई. माणिकचंदांनी कन्येला शास्त्राचे शिक्षण दिले, समाजकार्यात सोबत नेले. पुढे मगनबेनने मुंबईत श्राविकाश्रम चालवला, आणि तेथे वैधव्य आलेल्या कितीतरी स्त्रिया शिकून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. पित्याने मुलीचे सांत्वन केले ते असे. डोळे पुसण्याचे काम त्याने कन्येवरच सोपवले, आणि तिच्या हाती दुसऱ्यांचे डोळे दिले.

आपल्या गावांतील घरे इतकी मोठी नाहीत आणि संस्थाही नाहीत. म्हणून येथे काय शक्य आहे ते पाहू.

व्यापारी घरातील कर्ता पुरुष गेला की शोकाबरोबर खतावणीही घरात येते. उधारी कोणाकडे किती, हे त्या माणसाच्या डोक्यात असते. देणेकरी पंधरवड्यात हजर होतात. ज्यांच्याकडून येणे असते ते रस्ता बदलतात. पत्नीने आजवर दुकानाचा गल्ला उघडलेला नसतो. अशा वेळी बाजारपेठेतील दोन जाणत्या साधर्मी व्यापाऱ्यांनी महिनाभर रोज तासभर तिच्याबरोबर बसून हिशेब लावला, तर ते शंभर सांत्वनपत्रांहून मोलाचे ठरेल. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. जमीन असेल तर वारसाहक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावी लागते. बँक, विमा, निवृत्तिवेतन, गॅसजोडणी, या प्रत्येक दारात दाखल्याची प्रत मागतात आणि प्रत्येक दारात 'ते वारले' हे वाक्य त्या स्त्रीला नव्याने उच्चारावे लागते. कोणी सोबत असेल तर ते वाक्य तो उच्चारू शकतो.

एक अप्रिय गोष्टही येथे सांगणे भाग आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ जैनांनाही लागू आहे. विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई हे सर्व प्रथम श्रेणीचे वारस असतात. तरीही दिवसकार्याच्या गर्दीत, डोळ्यांचे पाणी खळलेले नसताना, हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. भाऊबंदकीत समाजाने पडू नये, हे शहाणपण ठीक. परंतु 'सही सहा महिन्यांनी घ्या, तोवर तिला विचार करू द्या' एवढे सांगण्याचा अधिकार ज्येष्ठांना नक्कीच आहे.

ज्या घरातील मृत्यू आत्महत्येने झाला, तेथे तर ओट्यावरची कुजबूज हीच दुसरी आपत्ती ठरते. आपल्या जिल्ह्याने नापिकी आणि कर्जापायी गेलेले शेतकरी पाहिले आहेत. व्यापारी आणि विद्यार्थी घरेही यापासून मुक्त नाहीत. कारण शोधत बसणाऱ्यांनी सम्यग्दर्शनाचे उपगूहन हे अंग आठवावे. अशा घरांतील उरलेल्या माणसांकडे विशेष लक्ष हवे. राज्य शासनाने मराठवाडा आणि विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला तेव्हा आशा कार्यकर्तींनी घरोघर जाऊन विचारपूस करण्यावर भर होता, तो याच कारणाने. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते आणि मराठीतून बोलता येते. मंदिराच्या सूचनाफलकावर पूजेच्या बोल्यांशेजारी हा क्रमांक लिहिण्यास कोणाची हरकत नसावी.

समाधिमरणाच्या प्रसंगी वेगळीच अडचण येते. वृद्ध मातोश्रींनी सल्लेखना घेतली, महोत्सव झाला, डोली वाजत-गाजत निघाली. सर्वांनी कुटुंबाचे अभिनंदन केले. त्या गर्दीत लेकीला रडण्यास जागा उरली नाही, कारण रडणे म्हणजे आईच्या साधनेचा अवमान, असे तिला वाटले किंवा वाटवले गेले. साधना आईची होती. वियोग लेकीचा आहे. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

याच्या अगदी उलट अनुभव २०२० आणि २०२१ या वर्षांचा. करोनाच्या दुसऱ्या लाटेत चार खांदेकरीही मिळाले नाहीत, मुखदर्शन झाले नाही, उठावणा फोनवर झाला. समाजाने नेहमी दिलेला पहिल्या तेरा दिवसांचा आधारही त्या घरांना मिळाला नाही, आणि नंतर सर्वच दमलेले असल्याने तो कोणी भरून दिला नाही. काही वर्षे लोटली म्हणून ती घरे सावरली असतील, असे धरून चालू नये. अशा कुटुंबांची नावे प्रत्येक गावातील मंडळींना आजही सांगता येतील. त्यांच्याकडे अद्यापही जाता येते.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत स्थितीकरण सहावे, वात्सल्य सातवे आणि प्रभावना आठवे आहे. डळमळणाऱ्याला स्थिर करणे, मग गाय वासराकडे धावते तशी साधर्मीविषयी ओढ, आणि त्यानंतर मंडप, मिरवणूक, स्मरणिका. सुवर्णमहोत्सवात आठव्या अंगावर पुष्कळ खर्च झाला आहे, तो आनंदाने झाला आहे. सहाव्या-सातव्याला खर्च फार लागत नाही. एक वही पुरे. वर्षभरात ज्या घरांत मृत्यू झाला त्या घरांची नावे आणि तिथी तीत असाव्यात. प्रत्येक घरासाठी दोन माणसे नेमलेली असावीत, स्त्री गेली असेल तर पुरुषाकडे जाणारी, पुरुष गेला असेल तर स्त्रीजवळ बसणारी. आणि महिन्यातून एकदा, वर्षभर, त्यांनी तेथे जावे. विधुराचीही आठवण ठेवावी. स्त्रियांना निदान शेजारणी असतात. पत्नी गेलेला साठीचा पुरुष दुकानात गप्प बसतो, घरी गप्प जेवतो, आणि तो खंबीर आहे असे सर्वजण म्हणतात.

त्या वहीत तीन दिवसांवर खूण असावी. पहिली राखी, पहिली दिवाळी आणि पहिली क्षमावाणी. निर्वाण लाडू चढवून परतताना त्या घराचे दार बंद दिसले तर ते वाजवावे. आणि क्षमावाणीच्या दिवशी, सर्व गाव एकमेकांची क्षमा मागत असताना, ज्याला ज्याची क्षमा मागावयाची राहिली तो माणूसच उरलेला नाही, त्याच्याजवळ नेमलेल्या दोघांपैकी एकाने सकाळपासून असावे.